उघडं छप्पर आणि ताडपत्री: कामाच्या नोंदी

११ मे

जुन्या दोन खोल्यांवरचं छप्पर उतरवायचं नक्की झालं. मिस्त्री आज वर चढले, पाचसहा कौलं सरकवली आणि एका वाशात स्क्रूड्रायव्हर खुपसला. मुठीपर्यंत आत गेला. "ताई, हे लाकूड नाही, नुसता भुसा आहे. रंगानं धरून ठेवलाय."

म्हणजे १६ फूट बाय २० फुटांचा भाग पूर्ण उघडा पडणार. वासे, रिपा (वाशांवर ठोकायच्या आडव्या लाकडी पट्ट्या), कौलं, सगळं नवं. मिस्त्री म्हणतात सहा आठवडे. मिस्त्रींचे सहा माझ्या वहीत दहा धरलेत. तेवढे दिवस खालच्या दोन खोल्या, त्यांचं वायरिंग आणि गेल्याच महिन्यात प्लास्टर केलेली एक भिंत ताडपत्रीच्या भरवशावर राहणार.

माळ्यावर एक निळी ताडपत्री पडून होती, ती काढली. उलगडताना तळहाताला निळी भुकटी लागली. घडीच्या रेषांवर रंग उडून पांढरे धागे उघडे पडलेत. उन्हात वर धरून खालून पाहिलं तर तारांगण. एक कोपरा बोटांत धरून ओढला, कागदासारखा फाटला. तरीही मिस्त्री म्हणाले, "डबल करून टाकू की." नको म्हटलं. चाळणीवर चाळणी ठेवून काय होणार.

१४ मे

ताडपत्री घेऊन आले. दुकानात एक धडा मिळाला, तो लिहून ठेवते.

विकणारे दोन भाषा बोलतात, जीएसएम आणि मायक्रॉन. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये. मायक्रॉन म्हणजे जाडी. पॉलिथिन पाण्यापेक्षा जरा हलकं असतं, त्यामुळे १०० मायक्रॉनच्या सलग पत्र्याचं वजन चौरस मीटरला ९२ ते ९५ ग्रॅमच्या आसपास भरतं. आकडे जवळजवळ आल्यामुळे बोलताना एकाच्या जागी दुसरा सहज खपून जातो. पण आपली नेहमीची ताडपत्री सलग नसते. आत प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्यांचं विणकाम, त्यावर दोन्ही बाजूंनी पातळ थर. विणीच्या गाठीवर जाडी वेगळी, मधल्या फटीवर वेगळी. जाडी मोजायचं यंत्र कुठे टेकवलं त्यावर मायक्रॉन ठरणार. वजनात असली सोय नसते.

मी घेतलेली निळी, "२५० जीएसएम, १८ बाय २४". घरी आल्यावर सहज मोजावीशी वाटली. टेप लावली तर १७ फूट ४ इंच बाय २३ फूट ३ इंच. कापलेल्या तुकड्याचं माप सांगतात आणि कडा दुमडल्यावर जे उरतं ते हातात देतात, हे तेव्हा कळलं. मग ताडपत्री कवेत घेऊन वजनकाट्यावर उभी राहिले, नंतर नुसती उभी राहिले. फरक ६.७ किलो.

क्षेत्रफळ ३७.४ चौरस मीटर. ६७०० भागिले ३७.४, उत्तर १७९. त्यात कडेची दोरी आणि रिंगाही आल्या, म्हणजे कापड आणखी हलकं. २५० असती तर नऊ किलोच्या वर भरायला हवी होती.

१५ मे

परत न्यायला गेले. "उघडलेली घेत नाही." हिशोब दाखवला. त्यांनी तो अगदी शांतपणे वाचला, चूक काढली नाही, आणि "सगळीकडे असंच असतं" म्हणून कागद परत दिला. ठीक. आता ही जमिनीवरच्या सामानासाठी. छपरासाठी दुसरं काहीतरी बघायला हवं.

१९ मे

ट्रकच्या ताडपत्र्या शिवून देणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे गेले. जायला हवं होतं ते आधीच. दिवसभर ताशी सत्तरच्या वाऱ्यात पळणाऱ्या कापडाबद्दल ज्याला माहीत आहे त्याला घरावर उभ्या राहिलेल्या कापडाचं काय अवघड.

त्यांनी कापडाला हातसुद्धा न लावता आधी कोपरा उघडून दाखवला. "फाटते इथून." स्वस्त मालात कड एकदाच दुमडलेली, आत दोरी नाही, आणि अॅल्युमिनियमची रिंग सरळ एका थरात ठोकलेली. त्यांनी अंगठा रिंगेत घालून पिरगाळला, रिंग सैल होऊन फिरायला लागली. चांगल्या मालात कड दुहेरी, आत दोरी, कोपऱ्यावर जादा ठिगळ, रिंग पितळेची आणि चार थरांतून गेलेली. तिथे अंगठा पिरगाळला तर अंगठाच दुखतो. करून पाहिला.

प्रकारांबद्दल त्यांच्याकडून आणि माझ्या आधीच्या माहितीतून जे जमलं ते असं.

विणलेली पॉलिथिनची हलकी, वाहायला सोपी, आणि झाकून काढायच्या कामाला पुरेशी. तिचा शत्रू ऊन. अतिनील किरणांनी पॉलिथिनच्या लांब साखळ्या तुटत जातात आणि कापड ठिसूळ होतं. त्यासाठी आत स्थिरीकरणाची रसायनं घालतात, पण ती घातलीत की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. काळ्या रंगाला एक फायदा आहे, तो देणारी काजळीच अतिनील किरण शोषते. काळी तापते मात्र भयंकर.

सुती कॅनव्हास, मेणाचा हात दिलेला. ओला झाला की सूत फुगतं आणि छिद्रं बंद होतात, तरी थोडी हवा खेळते. लाकडाच्या थप्पीवर टाकायला याच्यासारखं काही नाही. पण भिजला की दोघांना उचलवत नाही, आणि ओला घडी करून ठेवला तर आठवड्यात बुरशी.

तिसरी म्हणजे पॉलिएस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा लेप. ट्रकवर असते ती. ६०० जीएसएमच्या आसपास. जोड शिवायच्या ऐवजी गरम हवेनं वितळवून चिकटवता येतात, म्हणजे सुईची भोकंच नाहीत. जड, पण वाऱ्यात फडफडते कमी.

वर जाते ती पीव्हीसी, असं ठरवलं. एकच मोठी घ्यायची की दोन, यावर काकांशी बराच वेळ बोलणं झालं. १२ बाय २४ फुटांच्या दोन. एकेकीचं वजन १६ किलो, शिडीवरून दोन माणसं नेऊ शकतात. १० जूनपर्यंत देतो म्हणाले. कौलं जूनअखेर उतरवू, असं मी म्हटलं.

निघताना त्यांच्याकडून पीव्हीसीचं आणि काळ्या पॉलिथिनचं एकेक चिंधूक मागून घेतलं.

२० मे

गच्चीच्या ज्या कठड्याला दिवसभर ऊन लागतं तिथे तारेनं चार पट्ट्या टांगल्या. माळ्यावरची जुनी निळी, दुकानातली नवी निळी (परत घेणारच नाहीत तर एक कडेचा तुकडा कापायला काय हरकत), काळी, पीव्हीसी. प्रत्येकीवर मार्करनं तारीख. घरातल्यांनी कपडे वाळत घालायची तार म्हणून आजच दोनदा वापरली.

२९ मे

मिस्त्रींच्या दुसऱ्या कामावर खोळंबा झाला म्हणून माणसं मोकळी, आणि मोकळी म्हणून इथे. मी बाहेरून येईपर्यंत निम्मी कौलं खाली उतरली होती. "आभाळ बघा ताई, एक ढग नाही."

संध्याकाळी छप्पर म्हणून सहा फूट अंतरावरचे चार वासे आणि वर आकाश. पीव्हीसी यायला अजून बारा दिवस. जमिनीवरच्या सामानासाठी ठेवलेली १७९ जीएसएमवाली वर गेली. कडेच्या रिंगांतून नायलॉनची दोरी ओवून खालच्या वाशांना ताणून बांधली, वर चार ठिकाणी विटा.

विटांबद्दल मी बोलले होते. वहीत लिहून ठेवते म्हणजे नंतर म्हणता येईल.

३ जून, पहाटे

झोप झालेलीच नाही, तर लिहून तरी ठेवते.

संध्याकाळी भुरभुर पाऊस झाला, दहा मिनिटं. ताडपत्रीनं तो छान झेलला, मी खालून बघत होते, एक थेंब आत नाही. रात्री अकराच्या सुमाराला वारा सुटला. आधी फट्, मग बराच वेळ काही नाही, मग फट् फट्. मग ते थांबेचना. अंथरुणातून ऐकताना मी उगाच मोजत होते, सेकंदाला दोन-तीन फटके.

टॉर्च घेऊन वर गेले तर काल तारेसारखी ताणलेली दोरी हातभर लोंबत होती. नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की लांबतं. कोरडी असताना कितीही कसून बांधा, भिजल्यावर ती सैल पडणारच. आणि दोरी सैल म्हणजे कापडाला हलायला जागा. वारा ते उचलतो, आपटतो, पुन्हा उचलतो.

माझ्या समोरच कोपऱ्याची रिंग गेली. आवाज अगदी लहान होता, शर्टाचं बटण तुटावं तेवढा. रिंग दोरीलाच लटकत राहिली, कापड सुटलं. मग ओळीनं पुढच्या दोन. तिसऱ्यानंतर सगळी कड वर उठली आणि ताडपत्री शिडासारखी उभी राहिली, त्यावरची एक वीट अंगणात रिकाम्या घमेल्यात पडली. तो आवाज मात्र लहान नव्हता. शेजारचा दिवा लागला.

मी आणि घरातले दोघं, तिघांनी मिळून उरलेली खाली ओढली. तोवर पाऊस आला. खोलीत बादल्या, तपेली, फरशीवर जुन्या चादरी. मेन स्विच बंद केला, हे एक बरं सुचलं.

३ जून, दुपार

मिस्त्री येऊन बघून गेले. अंगणात घमेल्याकडे बराच वेळ पाहत होते. "विटा बंद," एवढंच म्हणाले.

४ जून

ढोबळ हिशोब. वाऱ्याचा दाब चौरस मीटरला किती न्यूटन, तर वेगाचा वर्ग गुणिले ०.६, वेग मीटर प्रतिसेकंदात. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, दाब ६० न्यूटन, म्हणजे सहा किलो. वेग दुप्पट केला की दाब चौपट. ताशी ७२ ला चौरस मीटरवर २४ किलो. ३७ चौरस मीटरच्या ताडपत्रीवर ९०० किलो. प्रत्यक्षात छपराच्या आकारावर, उतारावर बरंच अवलंबून असतं, पण अंदाजाला ठीक.

माझ्या ताडपत्रीला तीन-तीन फुटांवर २७ रिंगा. सारखे वाटले तर एकीला ३३ किलो. ते कदाचित पेललं असतं. पण भार सारखा कधी वाटलाच जात नाही. जी दोरी सगळ्यात ताठ ती सगळं घेते, ती रिंग तुटली की शेजारची घेते. परवा रात्री ओळीनं गेल्या त्या अशाच.

२५० जीएसएमचं कापड असतं तरी या रिंगा गेल्याच असत्या. दुकानदारावरचा राग मी जरा चुकीच्या जागी खर्च केला. थोडा ठेवते मात्र.

६ जून

तात्पुरती सोय. फाटलेल्या कोपऱ्याशी रिंग नाही, म्हणून काकांनी सांगितलेली युक्ती. लिंबाएवढा गुळगुळीत गोटा ताडपत्रीच्या खालून धरायचा, वरून कापड त्याच्यावर गोळा करायचं आणि गोट्याच्या मागे, मानेला बांधल्यासारखी, दोरी आवळायची. कुठेही भोक पाडावं लागत नाही आणि भार हातभर कापडावर पसरतो. एकूण नऊ गोटे. लांबून बघताना ताडपत्रीला गोवर आल्यासारखा दिसतो.

दोरी बदलली, पॉलिएस्टरची घेतली. ही भिजली तरी लांबत नाही.

१० जून

काका शब्दाला जागले, पीव्हीसी आली. काट्यावर ठेवली, एक १६.४ किलो, दुसरी १६.१. रिंगा आणि दोरी धरून बरोबर.

आजचा दिवस सगळा वर गेला.

आधी सांगाडा. दोन वाशांत सहा फूट अंतर ठेवून ताडपत्री ताणणं म्हणजे झोळीच बांधणं. मध्ये तात्पुरते वासे टाकून अंतर तीन फुटांवर आणलं. उतार तीन फुटाला एक फूट, म्हणजे १६ फुटांच्या रुंदीत वरची बाजू पाच फूट चार इंच उंच. मिस्त्रींना हे फार वाटत होतं. "तात्पुरत्याला एवढं कशाला?" तात्पुरतं आहे म्हणूनच, कौलासारखं ते जाग्यावर बसत नाही.

जिथे जिथे कापड लाकडाला टेकणार तिथल्या धारा रंध्यानं मारून गोल केल्या, खिळ्यांची डोकी आत ठोकली आणि वाशांवर जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या. ट्यूबची कल्पना हाताखालच्या पोराची. मिस्त्री हसले, पण नंतर आणखी ट्यूबा त्यांनीच आणल्या.

मग खालची ताडपत्री आधी, वळचणीच्या बाजूला, आणि वरची तिच्यावर दोन फूट चढवून. कौलं रचतात तोच क्रम. उलट केलं तर प्रत्येक थेंब जोडातून आत. वरची कड भिंतीच्या माथ्यावरून पलीकडे दोन फूट उतरवली, नाहीतर माथ्यावरचं पाणी कापडाखाली शिरतं.

कडा बांधल्या नाहीत. कड एका रिपेभोवती दीड वेढा गुंडाळली आणि वरून दुसरी रीप ठेवून दर फुटाला स्क्रूनं खालच्या वाशात आवळली. कापड दोन रिपांच्या मध्ये चिमटलं जातं. आता ओढ २४ फुटांच्या सगळ्या कडेवर येते, एकेका रिंगेवर नाही. ज्या रिंगांसाठी मी एवढा जीव टाकला त्यांतल्या आम्ही सहाच वापरल्या.

संध्याकाळी कापडावर थाप मारून पाहिली. ढोलकीसारखी वाजली.

१४ जून

काल रात्रभर पाऊस. वारा फारसा नाही. फट् एकदाही नाही. झोप उत्तम.

सकाळी मागच्या खोलीत गेले तर छताच्या एका खणात पोट आलेलं. वळचणीच्या जवळ, दोन वाशांच्या मधोमध, काळसर, हळूहळू हलणारं पोट. वर पाच फूट बाय चार फुटांचं डबकं. सरासरी खोली आठ सेंटिमीटर धरली तरी १५० लिटर, म्हणजे १५० किलो. एक मिलिमीटर पाणी चौरस मीटरवर एक किलो, हे गणित शाळेत करताना कधी डोक्यावर लोंबकळलेलं नव्हतं.

असं का झालं तेही दिसलं. तिथला तात्पुरता वासा आम्ही वळचणीपर्यंत नेलाच नव्हता, फूटभर अलीकडे थांबवला होता. तेवढ्या जागेत कापड जरा खाली गेलं, तिथे थोडं पाणी थांबलं, त्याच्या भारानं आणखी खाली, आणखी पाणी.

मिस्त्रींनी खिशातून कटर काढला. खालून एक टोचा मारला की पाणी जाईल. मी त्यांचा हात धरला, अक्षरशः. आठ दिवसांची ताडपत्रीसुद्धा नाही, चार दिवसांची. मग केरसुणीच्या दांड्याला गोणपाट गुंडाळलं आणि पोटाच्या वरच्या अंगाकडून खाली, वळचणीकडे ढकलत आणलं. पाणी शहाण्यासारखं निघालं, धबधब्यासारखं वळचणीवरून पडलं. खाली सुतारकाका रिपा मोजत उभे होते, हे आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं.

१५० लिटर. काका हललेसुद्धा नाहीत. पेन्सिल कानावरच होती. "अजून आहे का?" असं त्यांनी विचारलं.

१५ जून

वासा वळचणीच्या बाहेर सहा इंच काढला. त्या खणात दोन जादा रिपा. खालच्या कडेची चिमटलेली रीप सोडून कापड पुन्हा ताणलं. बादलीभर पाणी वरून ओतून पाहिलं, सरळ निघून गेलं. सुतारकाका तेवढा वेळ अंगणाच्या पलीकडच्या टोकाला.

२२ जून

मिस्त्रींचा फोन सकाळी सातला. "ताई, गळतंय. सगळीकडून."

तीन दिवस पाऊस नाही, मग गळेल काय? जाऊन पाहिलं तर ताडपत्रीची खालची बाजू घामेजलेली. एका रेषेत किंवा जोडाशी नाही, सगळीकडे सारखे बारीक थेंब. वरून हात फिरवला, सुकी. खोलीत परवाच भिंतीला प्लास्टरचा दुसरा हात झाला आहे, त्यातलं पाणी वाफ होऊन वर जातं, रात्री गार पडलेल्या कापडाला लागून पुन्हा पाणी होतं. पीव्हीसीतून हवा जात नाही, हा तिचा गुण या कामात उलटला.

वरच्या टोकाला, भिंतीच्या माथ्याशी, दोन्ही कोपऱ्यांत कापड आणि भिंत यांच्यामध्ये विटेएवढे ठोकळे ठेवून फट केली. वरून येणारं कापड बाहेर दोन फूट उतरलेलं असल्यामुळे पाऊस तिथून शिरत नाही. खालच्या बाजूची खिडकी दिवसभर उघडी. नवे वासे आलेत, त्यांच्या थप्पीवरची निळीही काढली, एक कॅनव्हास उसना आणून वर टाकला. लाकूड खालून ठोकळ्यांवर, बाजू मोकळ्या.

२४ जून

घाम बंद.

७ जुलै

आज मूर्खपणा, आणि तो माझाच. भिंतीतल्या लोखंडी ब्रॅकेटला वेल्डिंग करायचं होतं. पाच मिनिटांचं काम म्हणून ताडपत्री गुंडाळली नाही, ओला गोणपाट आडवा धरायला पोराला सांगितलं. गोणपाटाच्या कडेवरून ठिणग्या उडाल्या. वरच्या पीव्हीसीला सात भोकं, मसुराएवढी, काठ काळे आणि कडक. खाली सिमेंटच्या पोत्यांवर ती निळी पॉलिथिनची होती. तिला किती पडली ते मोजायचं सोडून दिलं. पॉलिथिन ११० ते १३० अंशांच्या दरम्यान वितळतं आणि पेटलं तर जळते थेंब गळत राहतात. आग लागली नाही हे नशीब. पुढच्या वेल्डिंगला दहा फुटांच्या आत प्लास्टिक नाही, आणि पाण्याची बादली भरलेली.

८ जुलै

दुरुस्ती. ताडपत्रीवाले काका गरम हवेची गन आणि लहान रूळ घेऊन आले. भोक पुसून कोरडं केलं, गोल कापलेलं ठिगळ ठेवलं. चौकोनी नाही, चौकोनाचे कोपरे आधी उचलतात. दोन थरांच्या मध्ये गन फिरवत मागून रूळ दाबत आणला. पीव्हीसी चकचकीत होऊन जरा ओली दिसली की दाबायची वेळ. सात ठिगळांना पाऊण तास. थंड झाल्यावर नखानं उकरून पाहिलं, सुटत नाही.

निळीला हीच युक्ती चालत नाही. पातळ असल्यामुळे हवा लागली की आकसते. साध्या चिकटपट्टीचंही काही खरं नाही, पॉलिथिनला सहसा काही चिकटतच नाही. गोंदाच्या डब्या त्याच प्लास्टिकच्या असतात यावरूनच समजायला हवं. ब्यूटाइल रबराची पट्टी मात्र धरते. दोन्ही बाजूंनी लावली आणि सिमेंटची पोती खोलीत हलवली, फळ्यांवर, भिंतीपासून दूर.

१९ जुलै

दर रविवारी हात फिरवून तपासणी. आज एका वाशावर कापडाला घासलेली पांढरी रेघ दिसली, बोटाएवढी. तिथली ट्यूब सरकली होती. पुन्हा बसवली. बाकी सगळं जागेवर.

मध्ये दोन मोठे वारे होऊन गेले, त्यांची नोंदच केली नाही असं आता लक्षात येतं.

८ ऑगस्ट

दहा आठवडे झाले, वहीप्रमाणे. अर्ध्या भागात कौलं बसली. तेवढी ताडपत्री सोडवून उरलेल्या अर्ध्यावर दुहेरी केली.

२१ ऑगस्ट

शेवटची रीप काढली. खोलीत जवळजवळ तीन महिन्यांत पहिल्यांदा कौलाखालचा अंधार. मला तो जरा अनोळखी वाटला, पीव्हीसीतून दिवसभर दुधी उजेड यायचा.

दोन्ही ताडपत्र्या अंगणात पसरून साबणाच्या पाण्यानं धुतल्या, मऊ ब्रशनं. पूर्ण वाळवल्या. घडी न घालता गुंडाळल्या, कारण घडी दरवेळी त्याच रेषेवर पडते आणि जुनी निळी तिथूनच मेली होती. तपासणीत सात ठिगळं, घासल्याच्या दोन रेघा, रिपेच्या स्क्रूंची भोकं. रिंगा सगळ्या शाबूत, त्यांच्यावर भारच आला नव्हता. एक ताडपत्री सुतारकाकांनी मागितली आहे. त्यांना नाही म्हणण्याच्या परिस्थितीत मी नाही.

३ सप्टेंबर

कठड्यावरच्या पट्ट्या आज उतरवल्या. पंधरा आठवडे.

माळ्यावरच्या निळीची तारेत अडकलेली वादी तेवढी उरली, बाकी केव्हा उडून गेली कळलं नाही. दुकानातल्या नव्या निळीचा रंग आकाशी झालाय. दुमडून दाबली तर घडीवर पांढरी रेघ आली, पुन्हा उलटी दुमडली तर तिथून तुटायला लागली. हातानं फाडली, जोर लावावा लागला नाही. पीव्हीसीवरून ओलं फडकं फिरवलं तेव्हा थोडी पांढरी भुकटी आली, खालचं कापड जसंच्या तसं. काळी जरा कडक झाली आहे. दोन्ही हातांनी ओढली, मग मिस्त्रींना दिली, त्यांनी पायाखाली धरून ओढली. फाटली नाही.

काळी परत टांगली, त्याच तारेवर, नवी तारीख घालून.